माउस सोडला आणि तीट पुसली

...अहो नाही, माउस वाईट असतो असं मी कुठे म्हणतेय? ऑफिसात तक्ते भरायला उत्तम! पण फोटोतल्या एकेका केसाच्या कडेनं तो फिरवून बघा, तेही दिवसभर कडेवर पोर वागवून झाल्यावर, आणि मग सांगा मनगट कसं बोंबलतं ते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकतर बाळ कमी उचला, नाहीतर माउस कमी धरा." आता यातलं काय सोडू? माउसच ना? दुसरा पर्याय क्षणभर डोक्यात आला होता, खोटं कशाला बोलू, आणि मग त्या पापाबद्दल मी दुपारभर अनयचे इतके पापे घेतले की तो वैतागून रडायला लागला. हात दुखत होता हो माझा! बाकी काही नाही.

आणि वेळ कुठली? तर बाळंतपणानंतरचं पहिलंवहिलं काम हातात! आमच्या चारकोपच्या सोसायटीतच, बी विंगमधल्या रत्नप्रभा काकूंच्या नातीचं, सईचं बारसं झालं. त्याचे फोटो नीटनेटके करून अल्बम बनवून द्यायचा होता. लग्नाआधी स्टुडिओत मी हेच करायची, लोकांचे डाग पुसायची. पण मधल्या काळात माझ्या डोक्यात लंगोट, खिमट आणि लसीच्या तारखा सोडून काही उरलंय की नाही, याचीच मला खात्री नव्हती. हे काम जमलं तर मी अजून मी आहे. नाही जमलं तर... जाऊ दे, नको ते विचार! शनिवारी अल्बम छापायला जायचा होता.

मग काय, शोधमोहीम! आधी लॅपटॉपचा टचपॅड घेतला. अनयनं लाळेचा पंजा ठेवला त्यावर, आणि पाळण्यातली अख्खी सई जाऊन पडदाभर एकच नाकपुडी! मग आणला उभा माउस. तो हात मिळवल्यासारखा धरायचा. दिवसभर मी कुणाशी तरी नव्यानं ओळख करून घेतेय असंच वाटायचं, आणि ओळख काही वाढेना. मग माझ्या नवऱ्यानं, नितेशनं, ऑफिसातल्या मित्राचा ट्रॅकबॉल उचलून आणला. माउस जागच्या जागी बसतो, वरचा चेंडू तेवढा अंगठ्यानं फिरवायचा. "हात हलवायचाच नाही यार! झकास ना?" झकास! अर्धी सकाळ झकास. चहा टाकून येते, तर चेंडू गायब! आणि शेजारी अनय. गाल फुगलेले! पोराला उलटं धरलं, पाठीत थापट्या, तोंडात बोट, त्यानं भोकाड पसरलेलं... आणि निघालं काय? केळं! तेवढ्यात बाथरूममधून नवरा आला चेंडू पुसत. "अगं, धूळ बसलेली, म्हटलं धुऊन देतो ना..." मी काय बोलले ते सांगत नाही, सासूबाई ऐकत होत्या. ट्रॅकबॉल त्याच संध्याकाळी परत! हात दुखत होता हो फक्त, आणि मी पोराला उलटं टांगून बसले!

शेवटी पेन टॅब्लेट! काळी सपाट पाटी, त्यावर पेन फिरवायचं आणि रेघ उमटणार समोर पडद्यावर. आमच्या सासूबाई मालवणच्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय गो ह्या? पाटी हाडलंस? पोराच्या आधी तूच शाळेत जातलंस?" आणि पहिल्या दिवशी तसंच झालं! हात खाली, नजर वर, मेंदू कुठेतरी मधेच. पाळण्याची लोंबती दोरी पुसायला गेले आणि सईच्या आत्याची नथ पुसून आले. पण दुसऱ्या दिवशी... अहो, दुसऱ्या दिवशी जमलं! काय सांगू तुम्हाला! हलकं टेकवा, बारीक रेघ. जरा दाबा, जाड रेघ. रांगोळीची चिमूट सोडतोय असं वाटतं! मनगट शांत, बोटं नुसती नाचतायत, आणि मी? मी सुटले! डास चावलेला? गायब! ओठावरचा दुधाचा ओघळ? गायब! मामाच्या शर्टावरची आमटी, मावशीच्या हनुवटीवरचा मुरूम, सईच्या गालावरचा काळा ठिपका, कपाळावरचा ठिपका, सगळं गायब, गायब, गायब! तळपायावर पण ठिपका! म्हटलं, एवढासा जीव आणि पायालाही डाग? कॅमेऱ्याची काच घाण असणार! तो पण गायब! शुक्रवारी दुपारी अल्बम तयार. सई अशी दिसत होती, लोण्याचा गोळा! काकूंना पाठवून दिला आणि आरशात बघून म्हटलं, श्रुतिका, तू अजून तू आहेस गं!

लगेच काकूंचा फोन. "फोटो सुंदर गं बाई. पण आमच्या सईची तीट कुठाय?"

"कुठली तीट, काकू?"

"कुठली काय? काजळाची! मी स्वतःच्या बोटानं लावलेली. गालाला, कपाळाला, पायाला. बारशाला एवढी माणसं, कुणाची नजर कशी, सांगता येतं? आणि तू पोरीला उघडी टाकलीस? सकाळपासून शिंकतेय ती!"

शिंकतेय! अहो हसू नका, मी स्वतः रोज आंघोळ झाल्या झाल्या अनयला तीट लावते. रोज! नितेश विचारतो, "काय आधार आहे याला?" मी म्हणते, "आई सांगतात म्हणून." आतून सासूबाई, "मी खंय सांगतंय?" आणि अशी मी, दुसऱ्याच्या पोरीची तीट पुसून मोकळी! आणि वर काकू शांतपणे, "नसेल जमत तर राहू दे हो. स्टेशनजवळच्या स्टुडिओत टाकते उद्या."

नसेल जमत? आता जुने फोटो परत घ्यावेत, तर तिटेबरोबर आमटी येणार, मुरूम येणार. म्हणून एक झक्क काळा गोल केला आणि सगळीकडे चिकटवला. पाठवला. "ही तीट आहे की सदऱ्याचं बटण? बोटानं लावतात गं, जराशी फिसकटते. आणि कुंची घातल्यावर तर पुसट झालेली." पुसट! म्हणजे पहिल्या फोटोत काळीकुट्ट, नाव ठेवताना मध्यम, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत नुसता आभास! बसले पेन घेऊन. एकेक तीट वेगळी! दाबायचं, सोडायचं, हळूच ओढायचं. मागे अनयला मांडीवर घेऊन सासूबाई, "खालती घे. कानाकडे. हां, आता फिसकट!" हात दुखू नये म्हणून घेतलेलं पेन हो ते! त्यानं मी पडद्यातल्या बाळाची दृष्ट काढत होते!

पाठवला. काकूंचा फोन. "आता कशी आमची सई दिसली! आणि ऐक, शिंका पण थांबल्या." थांबल्या! मला इतका आनंद झाला... नितेशला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही.

अल्बम छापला, आणि काकूंनी तो महिला मंडळात फिरवला. झालं! कुणी नातवाचा फोटो पाठवतंय, कुणी नव्या सुनेचा. "ठळक नको गं, दिसेल न दिसेलशी." डाग काढायचा कोर्स केला होता मी, रीतसर, सर्टिफिकेट आहे! एकानं, एकानं तरी डाग काढायला फोटो पाठवावा? नाही! काल तर सी विंगमधल्या नंदकिशोर काकांचा फोटो आला. नवी कोरी गाडी, पुढे हार. "बेटा, हिला पण एक छोटीशी."

मी विचारलं, "काका, गाडीला कुठे लावू?"

"कुठे म्हणजे काय? हेडलाइटच्या खाली. गालावर!"

...लावली.