आवक क्रमांक दोनशे पंधरा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे उपसंचालक साहेब, निवृत्तीनंतरही मॅडमच्या निरोप समारंभाला आवर्जून आलेले आपले जुने अधीक्षक, पहिल्या रांगेत बसलेले मॅडमचे यजमान आणि कन्या, सगळ्या शाखांमधल्या बंधूभगिनींनो, आणि दाराशी किटली घेऊन 'हा गृहस्थ किती वेळ खाणार' याचा अंदाज घेत उभे असलेले आपले चहावाले दादा,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'मॅडमचे जुने सहकारी' अशी करून दिली. ती अपुरी आहे. मी मॅडमचा प्रतिवादी क्रमांक चार. पहिले तीन म्हणजे विभाग, संचालक आणि पदोन्नती समिती. त्या खुर्च्यांवरची माणसं बदलत गेली. अकरा वर्षं टिकून राहिला तो मी एकटा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. 'थोडक्यात' म्हटल्याबरोबर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, ते माझ्या लक्षात आलंय.

मॅडम आणि मी एकाच दिवशी नोकरीत रुजू झालो. मॅडम आल्या सकाळी दहाला. आवक टेबलावरच्या कारकुनाने त्यांचा रुजू अहवाल परत हातात ठेवला आणि म्हणाला, "आधी साहेबांची सही आणा, मग नंबर पडेल." साहेब बैठकीला गेलेले. मॅडम बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी उगवलो दुपारी तीनला. माझे एक मेहुणे याच कार्यालयात होते. साहेब परतल्याबरोबर त्यांनी मला थेट आत नेलं, सही झाली आणि माझ्या कागदावर आवक क्रमांक पडला दोनशे चौदा. मॅडमना आत बोलावलं साडेचारला. त्यांचा क्रमांक दोनशे पंधरा.

आणि आपली तेव्हाची रीत काय होती? एकाच दिवशी रुजू झालेल्यांत ज्याचा आवक क्रमांक आधी, तो ज्येष्ठ. बारा वर्षांनी बढतीची एकच जागा निघाली. कोणाला मिळाली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मॅडमनी यादीवर हरकत घेतली. उत्तर एका ओळीचं आलं, 'हरकतीत तथ्य आढळून येत नाही.' मग त्या न्यायाधिकरणात गेल्या. आता त्या दहाला आल्या होत्या, याला पुरावा काय? तो कारकून वारलेला, साहेब कुठे स्थायिक झाले कुणालाच ठाऊक नाही, मेहुण्यांना विचारण्यात अर्थ नाही. उरलो मी. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा मी बाकावर होते. किती वेळ बसलाय, असं तुम्ही विचारलंतही. मी दहापासून म्हटलं. तेवढंच लिहून द्या."

मी म्हणालो, "मॅडम, बारा वर्षं झाली हो. खरंच आठवत नाही."

प्रतिज्ञापत्रातही तेच लिहिलं.

त्यानंतर गंमत अशी, की बढती मिळालेला मी त्यांच्याच शाखेचा प्रमुख. त्यांच्या रजेच्या अर्जावर कारण असायचं, 'आपल्याविरुद्धच्या प्रकरणाची सुनावणी.' मी खाली लिहायचो, 'मंजूर.' आणि दोघेही एकाच बसने सुनावणीला! बसमध्ये एकच जागा रिकामी असली तर? तिथे मात्र त्यांची ज्येष्ठता मी बिनशर्त मान्य करायचो.

पण खटला चालू आहे म्हणून मॅडमनी माझी एखादी फाईल दाबून ठेवली का? एक दिवससुद्धा नाही. निवृत्त होणाऱ्या माणसाचे कागद त्याच्या शेवटच्या दिवशी तयार नाहीत, असं त्यांच्या टेबलावर कधी घडलं का? समोर बसलेले अधीक्षक मान हलवताहेत, म्हणजे माझ्या पदरचं काही नाही.

खटल्याच्या नवव्या वर्षी अभिलेख कक्षातली पाण्याची नळी फुटली. सेवापुस्तकांचा लगदा व्हायची वेळ आली. मॅडम पदर खोचून आत शिरल्या. तिसऱ्या दिवशी मी डोकावलो, तर पंख्याखाली एक सेवापुस्तक उघडं, आणि पाना-पानात टीपकागद घालत बाई बसलेल्या. पुस्तक माझं होतं. उघडं पान माझ्या रुजू अहवालाचं. दोनशे चौदा क्रमांकाचा शिक्का त्या बोटाने अलगद टिपत होत्या.

मी म्हटलं, "अहो, हे पान गेलं असतं तर माझा पुरावाच गेला असता."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पान तुमचं आहे. नीट ठेवायचं काम माझं. त्या खिडकीचं दार लावा, वाऱ्याने उडतंय."

मी दार लावलं. पंधरा दिवसांनी दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं. लिहिलं की, त्या दिवशीचा प्रसंग मला आता आठवला असून अर्जदार बाई दहापासून बाकावर होत्या. निकाल लागला. मॅडमना मागच्या तारखेपासून ज्येष्ठता मिळाली, मी एक पायरी खाली आलो. निकालपत्रात माझ्याबद्दल एक वाक्य आहे, 'प्रतिवादी क्रमांक चार यांनी स्वतःच्या हिताविरुद्ध प्रामाणिक निवेदन केले.' आमच्या हिने ते चौकटीत लावून घेतलंय. पाहुणा आला की मीच त्याला भिंतीपाशी नेतो.

दुसऱ्या दिवशी मी सामान आवरत होतो. मॅडम म्हणाल्या, "खुर्ची घेऊन जा तुमची. मला उंच होते, पाय टेकत नाहीत." एवढाच काय तो सत्तांतराचा सोहळा.

पुढे त्या कार्यालयप्रमुख झाल्या आणि त्यांचा पहिला आदेश निघाला चार ओळींचा. आलेल्या माणसाच्या कागदावर दारातच नंबर आणि वेळ पडेल, सही नंतर. तेव्हापासून आपल्या बाकावर कुणी नंबरासाठी बसलेलं मी पाहिलेलं नाही. ज्या बाईंनी हे केलं, त्यांच्याशी मी अकरा वर्षं भांडलो आणि हरलो, आणि हे सांगताना माझा ऊर भरून येतो. असा वादी मिळायलाही नशीब लागतं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. आमच्या रटाळ कहाण्या अकरा वर्षं घरी ऐकून घेणाऱ्या मॅडमच्या यजमानांचे आणि आमच्या हिचेही आभार. लांबलं, त्याबद्दल सभागृहाने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

मॅडम, तुमच्याशी मात्र एवढ्यावर भागणार नाही. मला नऊ वर्षांनी आठवलं, असं मी शपथेवर लिहिलं, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. ते खोटं होतं. तुम्ही टेबलापाशी येऊन विचारलंत, तेव्हाही मला सगळं लख्ख आठवत होतं. त्या दुपारी मी आलो, तेव्हा तुम्ही पिशवी मांडीवर घेतलीत आणि सरकून मला बाकावर जागा दिलीत.

मला क्षमा करा.