लाट आली की लाट आले?

अरे, वलवणच्या धरणावर गव्हर्नर, म्हणजे आपले लाटसाहेब आले होते ना, तेव्हाची गंमत! आमचे पाटील आबा नवा फेटा बांधून, हार घेऊन माझ्याबरोबर होडीत बसले. साहेबांची लाँच लांबूनच भर्रकन गेली. आबांना लांबचं दिसत नव्हतं. पाणी घटकाभर गप्प. मग नावाडी ओरडला, “आबा, लाट आली, लाट!”

आबा भडकले. “आली काय म्हनतोस, येड्या? येवढा मोठा मानूस, आले म्हन!” आणि हार सावरत ताठ उभे राहिले.

लाँचमागच्या लाटेनं होडी अशी कलली, की आबा थेट पाण्यात! फेटा एकीकडे, हार एकीकडे.

नावाडी वल्हं पुढे करत अदबीनं म्हणाला, “आबा, तोंड मिटा! मागनं दुसरे लाटसायेब आले!”