पावडर ठरेपर्यंत रजा नाही

...नाही, पण एसी बंद कशाला करायचा म्हणतो मी! बहरीन, ऑगस्ट महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत मी एकटा, दार लावून, पंखासुद्धा बंद! का? तर म्हणे वाऱ्यानं काटा हलतो! काटा म्हणजे वजनाचा हो, बंदुकीची पावडर मोजायचा. आमच्या नेमबाजी क्लबात रिव्हॉल्व्हरची काडतुसं हातानं भरतात, आणि ती भरणारा हा तुमच्यासमोर उभाय तो, शिवदास, मूळ गाव महाड, अठरा वर्षं इथं वजनकाटे दुरुस्त करतोय. माझा हात थरथरत नाही, एवढाच माझा गुन्हा!

तर तुम्हाला सांगतो, आमचे फहादसाहेब, क्लबचे सेक्रेटरी आणि आमच्या काट्यांच्या दुकानाचे मालक, माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या गोळ्या कागदावर कशा पडतात? लग्नात फुलं उधळावीत तशा! एक वर, एक खाली, एक शेजारच्याच्या कागदावर! आणि सप्टेंबरात स्पर्धा. मग दोष कुणाचा? पावडरचा! आले तीन डबे. पहिली पावडर काळी, चपटी. दुसरी राखाडी, खसखशीएवढी. तिसरी थेट दुसरीची जुळी बहीण, म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, चुकून मिसळली तर काय होईल ते बोलायलाच नको. तिन्हींची तीस-तीस काडतुसं भरायची, साहेबांनी मारायची, कागदावरची भोकं मापायची, की कळलं चांगली कुठली. सोपं आहे की नाही?

सोपं! अहो, तेव्हाच माझा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. बावीस तारखेला मृणालीचा साखरपुडा, एकुलती एक लेक माझी, तीन वर्षं तिला समोर बघितलेलं नाही मी! आणि साहेब म्हणतात, "शिवदास, पहिले पावडर खलास, बाद में लीव्ह. इंशाल्ला!"

भरली नव्वद काडतुसं. कपाळाला टॉवेल, का तर घामाचा थेंब पावडरीत पडायला नको. साहेबांनी पहिली पावडर मारली, दुसरी मारली, तिसरीला डोळ्यांवरचा चष्मा काढून दुसरा घातला. झालं! बोट वर करून म्हणतात, "शिवदास! वन टाइम, वन चेंज! चष्मा चेंज, टेस्ट मफी!" म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चष्मा बदलला तर चाचणी बाद. अहो, पण चष्मा बदलला कुणी? मी? पुन्हा एसी बंद, पुन्हा नव्वद!

दुसऱ्यांदा दोन पावडरी उपाशीपोटी मारल्या आणि तिसरी मच्छीभात हाणून. "पेट चेंज! वन टाइम, वन चेंज!" पुन्हा नव्वद! तिसऱ्यांदा मध्येच साहेबांना त्यांच्या बायकोचा फोन आला, साहेब पाच मिनिटं नुसते "हां... हां..." करून परत आले ते लालबुंद. "दिमाग चेंज, शिवदास!" पुन्हा नव्वद! आणि तिकडून महाडहून आमच्या हिचा, नीलमचा, रोज फोन, "अहो, तिकीट काढलंत का? पाहुणे विचारतायत, मुलीचे वडील येणार ना?" काय सांगू? साहेबांचं पोट बदललं म्हणून रजा नाही, असं सांगू?

शेवटी अठरा तारखेला धीर केला. म्हटलं, साहेब, मनगटाखाली वाळूची पिशवी घ्या, हात हलणार नाही. असं बघितलं माझ्याकडे! "मैं बुड्ढा है क्या?" मग त्यांचेच डोळे चमकले. "शिवदास! वन टाइम, वन चेंज! गन वही, पावडर वही... आदमी चेंज! यल्ला, तू मार!"

मी? मी जन्मात जत्रेतले फुगे सोडून काही फोडलेलं नाही हो! पण साहेबांनी उभं कसं राहायचं, धरायचं कसं, ते दाखवलं, आणि मी मनात एकच धरलं... हे संपलं की महाड. पहिली पावडर मारली, दुसरी, तिसरी. तीन कागद काढून आणले. तिन्हींवरची भोकं कपबशीतल्या बशीखाली झाकली जातील अशी! पावडर कुठलीही घ्या, सगळं सारखंच!

साहेबांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. मग ड्रॉवर उघडला, माझा अर्ज काढला. मला तर रडूच येणार होतं, पेन मीच पुढे केलं. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिवदास, सप्टेंबर में तू खेलेगा. क्लब का इज्जत का सवाल है. लीव्ह... बाद में."

बावीस तारखेला इथंच, झिंज भागातल्या माझ्या खोलीत, नवा शर्ट घालून, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून मी लेकीचा साखरपुडा बघितला. मृणाली कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि मग पटकन तोंड फिरवलं तिनं. सगळे जेवायला बसल्यावर नीलमनं फोन हातात घेतला, म्हणाली, "अहो, एखादी तरी मुद्दाम बाहेर मारायची होतीत!"

मी म्हटलं, "अगं... सुचलंच नाही."