दुन्या, चटई!

…आणि वर मला म्हणतो, "मावशी, जरा उदास दिसा." आता तुम्हीच सांगा, मी दोन दिवस रोलर ओढून कोर्ट पोळपाटासारखं सपाट केलेलं, पाणी मारलेलं, पांढऱ्या पट्ट्या गुडघ्यांवर बसून घासलेल्या, आणि मी उदास कशाला दिसू? उदास व्हायला मला वेळ तरी कुठाय?

हा कोण, तर ओग्न्येन. बेलग्रेडहून आलेला दिग्दर्शक. डोक्यावर बायकांसारखा अंबाडा, पायात मोजे नाहीत, एप्रिलच्या थंडीत. आमच्या टेनिसवाल्या दुन्यावर मालिका काढायला आला होता, सहा भागांची. पोरीचा वर्षभराचा हंगाम, ही स्पर्धा, ती स्पर्धा, विमानतळ, हॉटेलं, आणि तिसऱ्या भागात तिचं गाव. म्हणजे आमचं नोवी ब्रेस्त. म्हणजे ही दोन कोर्टं. म्हणजे मी.

तुम्हाला सांगते, मला त्या कॅमेऱ्यात यायचंच नव्हतं. माझं काम माती. सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी मी कौलांच्या कारखान्यात होते, तो बंद पडला, तर तिथली फुटकी कौलं ढकलगाडीत भरून मी इथे आणली, भरडली, चाळली आणि अंथरली. तुम्ही जिच्यावरचा खेळ बघून टाळ्या वाजवता ना, ती लाल माती म्हणजे आमच्याच घरांची कौलं आहेत. शाळा म्हणाल तर आठ यत्ता, त्याही मास्तरीण दयाळू होती म्हणून. पण माती मला कळते. कोर्टात पाय टाकलात की आवाजावरून सांगीन, पाणी कमी पडलंय की जास्त.

तरी मी हो म्हटलं. का म्हटलं? तर पालिकेचं पत्र आलं होतं. एक सप्टेंबरला क्लबात तीस पोरं नसतील, तर कोर्टं उखडून गाड्या लावायला जागा करणार. तीस. आणि माझ्याकडे किती? अकरा. त्यातली दोन जुळी, ती आली तर दोन आणि नाही आली तर दोन्ही नाहीत. मी म्हटलं, दुन्या टीव्हीवर दिसेल, मागे आपलं कोर्ट दिसेल, लोक म्हणतील, अरे वा, काय नीट ठेवलंय, आणि पोरं पाठवतील. एवढाच माझा स्वार्थ.

आणि हा म्हणतो, "मावशी, हे फारच नीट आहे हो."

"मग? घाण हवंय?"

"घाण नाही… पण लोकांना दिसायला हवं ना, पोरगी कुठून कुठे गेली."

कुठून म्हणजे? इथून गेली. सपाट मातीवरून गेली. खड्ड्यांत चेंडू कसाही उडाला असता तर ती चेंडू मारायला शिकली असती की चुकवायला? हे मी त्याला म्हटलं, तर तो मान हलवतो, हसतो, आणि म्हणतो, "मावशी, तुमच्या हातची कॉफी मिळेल का?" मी गेले बाई कॉफी करायला. आपल्याकडे कोणी कॉफी मागितली तर नाही म्हणायची रीत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक.

क्लबच्या खोलीत गेले तर त्याच्या माणसांनी दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडलेल्या. समोरासमोर. वारा आरपार. कंबरेला लागला तर माणूस आठवडाभर वाकून चालतो, पण बेलग्रेडमध्ये बहुतेक कंबर नसते कोणाला. खिडक्या लावल्या. बाहेर त्यांची आवाज टिपणारी पोरगी गार सिमेंटच्या पायरीवर बसलेली. "ऊठ," म्हटलं, "ऊठ आधी, उद्या पोरंबाळं व्हायचीत तुला." तिच्याखाली उशी सरकवली. या सगळ्यात गेली दहा मिनिटं. कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर येते, तर काय बघते…

नेट सैल सोडलेलं, मध्ये पोटासारखं लोंबतंय. कोर्टभर वाळका पाला. एप्रिलमध्ये वाळका पाला आला कुठून? पोतं भरून घेऊन आले होते. बेलग्रेडहून, गाडीत घालून. आणि पाला टाकायला गेले ते कसे गेले? बुटांनी. टाचांचे बूट, खिळ्यांचे बूट, नसतील नसतील ते बूट, आणि माझ्या ओल्या मातीवर गुरं फिरल्यासारखे ठसे.

मी ट्रे खाली ठेवला. तोंड उघडणार, तेवढ्यात दुन्या आली.

वीस वर्षांची पोर, जगात नववी. अंगावर कंपनीचे कपडे, कानात ती बोंडं, मागे एक माणूस तिची बॅग धरायला, एक फोन धरायला. मला मिठी मारली, पण अशी… पाहुण्यासारखी. डोळ्यांखाली काळं. या वर्षी तीन ठिकाणी पहिल्याच फेरीत हरली होती, ते मी पेपरात वाचलेलं. म्हटलं, खातेस का नीट? तर बॅगवाला मध्येच म्हणतो, "तिचं जेवण ठरलेलं असतं." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो दोन पावलं मागे सरला.

मग ओग्न्येनने तिला त्या पाल्यात खेळायला लावलं. मी गप्प. अकरा पोरं डोळ्यांपुढे आणून गप्प. माझं काम माती, मालिका काढणं त्याचं काम. वीस मिनिटं ती पाल्यातून धावली, घसरली, एकदा पडता पडता वाचली, आणि ओग्न्येन म्हणाला, "झालं, सुंदर, गाडी तयार आहे." आणि दुन्याने रॅकेट बॅगवाल्याकडे दिली आणि निघाली. सरळ. गाडीकडे.

तशीच.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे एकच कायदा आहे. जो खेळला, त्याने माती सारखी करायची. ती दोरीची चटई घ्यायची, कडेकडेने गोल गोल ओढत आत यायचं, आपले ठसे आपण पुसायचे. सहा वर्षांचं पोरगं असो नाहीतर पालिकेचा अध्यक्ष. पुढच्याला कोरं कोर्ट मिळालं पाहिजे. दुन्या पाच वर्षांची असताना चटईपेक्षा हलकी होती, चटईच तिला ओढायची, तरी पुसून जायची.

आणि माझा घसा माझ्या ताब्यात राहिला नाही हो.

"दुन्याऽऽऽ! चटई!"

तिसा नदीपलीकडे कुत्री भुंकायला लागली. पोरगी थबकली. कानातली बोंडं काढली. वळली, परत आली, चटईची दोरी खांद्यावर घेतली आणि ओढायला लागली. बॅगवाला म्हणतो, "अहो, तिचा खांदा…" म्हटलं, "तुझा बरा आहे ना? ती दुसरी घे." ओग्न्येनलाही सोडलं नाही. "अंबाड्या, पाला तुझा ना? उचल. आणि बूट काढ." आता याच्या पायात मोजे नव्हते हे मी आधीच सांगितलंय. अनवाणी, थंड मातीत, पाला वेचत फिरला तो, दर चार पावलांनी शिंकत.

मग माझ्या लक्षात आलं. कॅमेरा चालू होता.

झालं. संपलं. सगळा देश बघणार, एक म्हातारी होत चाललेली भांडकुदळ बाई देशाच्या लाडक्या पोरीवर खेकसते. कोण आई आपलं लेकरू अशा बाईच्या हाती देईल? मी मटकन बाकावर बसले. सत्तावीस वर्षांची माती एका हाकेत घालवली.

दुन्या माझ्याशेजारी येऊन बसली. पायाला लाल धूळ. म्हणाली, "मावशी, वर्षभरात मला कोणी ओरडलंच नाही. हरले तरी म्हणतात, छान खेळलीस."

"छान कसली? डावा पाय उशिरा टाकतेस. पाऊलखुणा बघितल्या मी."

हसली. ओळखीचं हसली, पुढचे दात दाखवून. मग माझ्या डब्यातला बटाट्याचा बुरेक अख्खा खाल्ला, बॅगवाल्यासमोर.

ऑगस्टमध्ये तिसरा भाग लागला. मी ॲप्रन तोंडावर धरून बघितला. मला वाटलं, ओग्न्येन ते कापून टाकेल, नाहीतर सूड म्हणून दहा वेळा दाखवेल. त्याने एकदाच दाखवलं, पण सगळं. पाला, शिंका, चटई, आणि शेवटी वरून घेतलेलं कोरं लाल कोर्ट, एकही ठसा नसलेलं. संगीत नाही, काही नाही. नुसता चटईचा खरखर आवाज. मला माणूस तेवढा वाईट वाटला नाही मग.

सोमवारी सकाळी कुलूप उघडायला गेले तर फाटकाशी सात बायका. एकेक पोर हाताला. पहिली म्हणते, "मावशी, आमच्या याला टेनिस नाही आलं तरी चालेल, पण जरा ओरडाल का?" दुसरी नवऱ्यालाच घेऊन आलेली. मग रोजच नवी पोरं येत राहिली.

एक सप्टेंबरला पालिकेचा व्लास्तिमिर कागद घेऊन आला, पोरं मोजायला. चकचकीत बुटांनी सरळ कोर्टात. मला तोंडही उघडावं लागलं नाही. सत्तेचाळीस पोरं एका सुरात ओरडली, "चटई!" बिचाऱ्याने कोटासकट ओढली. गाड्यांच्या जागेचं नाव पुन्हा काढलं नाही कोणी.

दुन्याचाही फोन येतो. परवा म्हणाली, डावा पाय वेळेवर पडायला लागलाय. म्हटलं, बघते टीव्हीवर, मग सांगते.

तर सगळं चांगलंच झालं म्हणायचं. पण तुम्हाला सांगते, सत्तावीस वर्षं मी ओरडत आले ती एकाच आशेवर, की कधीतरी पोरं न सांगता चटई उचलतील आणि माझा घसा सुटेल. आणि आता? खेळून झालं की सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस, मुद्दाम चटई सोडून, फाटकाशी रांग लावून उभी राहतात. माझ्याकडे बघत. आया फोनचा कॅमेरा धरून तयार. एकेकाला नावानिशी ओरडावं लागतं, गटात ओरडलेलं चालत नाही त्यांना. रोज लिंडनच्या फुलांचा चहा पिते, तरी घसा बसलेलाच.

माझं काम माती होतं हो… चला, साडेपाच वाजले. रांग लागली असेल.