दुसरी स्टिक

हॅलो? … हो, मीच. कोण, ताई? … अगं, मागे कसला आवाज येतोय? ट्रॅक्टर चालू आहे का? … बर्फ उडवायचं मशीन. ते बंद कर आधी, काही ऐकू येत नाही. … हं. आता बोल.

… कोणी सांगितलं तुला? … रेनीनं? वा. मला म्हणते, 'लेन, तुझं तू ठरव, मी मधे पडणार नाही,' आणि जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलातून तुला फोन लावते. बायको आहे का वार्ताहर? … नाही, रागावलो नाही. मीच करणार होतो तुला. … करणार होतो म्हटलं ना. जेवण झाल्यावर. … बरं बाई, चार वेळा नंबर काढला आणि चार वेळा फोन खाली ठेवला. झालं समाधान?

… हो, खरं आहे. सकाळी दहाला आला गॉर्डचा फोन. … अगं तोच. मी तिकडे पूर्वेला दोन हंगाम खेळलो, तेव्हा धाकटा कोच होता. आता सगळा हॉकी क्लबच चालवतो. त्यांचे दोन बचावपटू एकाच सामन्यात गेले. एकाचा गुडघा, एकाचा जबडा. … पक लागला तोंडावर. रबराची चकती असली तरी दगडच तो. … आज रात्री आठचं विमान, रेजायनाहून. मी चारपर्यंत हो की नाही सांगायचं. … आत्ता अडीच वाजलेत.

… थांब, ऐकून तर घे. … हो, एप्रिलपर्यंत. आणि पुढचा हंगामही. … हो, लेखी देतो म्हणाला. छत्तीस वर्षांच्या माणसाला कोण लेखी देतं, मलाही तेच वाटलं. … ताई, रडतेयस का तू? … थंडीनं नाक वाहतंय. बरं, थंडीनं.

… अगं, कसला मान अन् कसलं काय. सातवा बचावपटू मी. खेळतात सहा. … म्हणजे कोणी पडलं तर मी. नाहीतर सूट घालून वर जाऊन बसायचं, पॉपकॉर्न खायचे, आणि पोरं जिंकली की खाली येऊन पाठी थोपटायच्या. … चौदा वर्षं तेच केलं, खरंय. तक्रार कुठे करतोय मी? मोठ्या लीगमध्ये एकसष्ट सामने मिळाले. दोन गोल झाले, त्यातला एक आपल्याच गड्याच्या ढुंगणाला लागून आत गेला. … हसू नकोस. त्याचंच कात्रण तू फ्रेम करून भिंतीवर लावलंयस.

एक मिनिट हं. टेस, घरात स्केट घालून फिरायचं नाही. पात्यांना कव्हर असलं तरी नाही. जमीन लाकडाची आहे, आई मला फाडून खाईल. … नाही गं, टेसला म्हणतोय. सकाळपासून पायात स्केट आहेत तिच्या. … मापाला घातले होते, आता काढायला तयार नाही. … कसलं माप ते सांगतो नंतर.

… हो, सोमवारपासून कामावर. ट्रॅक्टरच्या दुकानात, सुट्या भागांच्या काउंटरवर. … ताई, टोमणे नकोत. वॉशर विकण्यात काय वाईट आहे? आपल्या बाबांनी अख्खा जन्म धान्याच्या कोठारात वजनकाट्यासमोर काढला. … माहितेय. मला तिथे चिकटायला लागू नये म्हणून तर हॉकीला घातलं. शंभरदा सांगितलंयस.

… मला जायचंय का? … हो. जायचंय. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? गॉर्डचा आवाज ऐकला आणि पाय आपोआप गॅरेजकडे वळले. बॅग उघडली. … तोच वास. रेनी म्हणते आत बोका मेलाय. मला बरा वाटतो तो वास. आणि खेळू शकतो गं मी अजून. एक वर्ष नक्की, कदाचित दोन. गुडघा सकाळी जरा कुरकुरतो, मग त्याचा तोच गप्प बसतो.

… मग अडलंय काय? … तेच सांगतोय, मधे मधे बोलू नकोस. ऑक्टोबरात कोणी घेतलं नाही म्हणून मी घरी बसलो, बरोबर? तर पहिले दोन महिने टेस दर रविवारी विचारायची, 'बाबा, तू गुरुवारी असशील?' … गुरुवारच का, मला नाही ठाऊक. मी म्हणायचो, असेन. गुरुवार यायचा, मी असायचो. पुन्हा रविवार आला की तेच. … थांब ना. नाताळनंतर तिचं विचारणं बंद झालं. म्हटलं विसरली असेल. तर परवा डबा उघडून माझ्यावर खेकसली, 'बाबा, रोज काय तेच तेच देतोस?' … हसतेस काय. मला इतकं बरं वाटलं ताई, मी तिथेच सिंकपाशी उभा राहिलो जरा वेळ. सात वर्षांची झाली, आणि आत्ता कुठे तिला माझा कंटाळा यायला लागलाय.

… हो, सगळ्यांनाच पोरं असतात. सगळेच जातात. मीही गेलोच की. … रेनी? रेनीनं माझ्यापायी आठ घरं बदलली. दर गावात नवीन हॉस्पिटल, दर गावात पहिल्यापासून रात्रपाळी. ती नाही म्हणायची नाही. म्हणून तर तिला विचारायला तोंड नाही मला.

… बॅग? बॅग काय, दहा मिनिटांत भरते. … गाडी प्लगला लावलीय. बाहेर उणे एकतीस आहे, न लावून सांगतो कुणाला? इंजिन गोठेल. … तू सोडणार? रेजायनाला? अगं, दोन तास जायला, दोन तास यायला, ह्या रस्त्यानं? … हो, तू ह्याहून वाईट रस्त्यांनी नेलंयस मला. माहितेय.

… स्टिक? … स्टिकचं काय आता? … हो, माझ्या हाताला बसणाऱ्या वळणाच्या बनवायच्या बंद झाल्या. गेल्या वर्षीच. शेवटच्या बारा आणून ठेवल्या होत्या. … किती उरल्यात?

… दोन होत्या.

… होत्या म्हणजे होत्या. ताई, मी कापल्या त्या. … करवतीनं, आणखी कशानं? टेससाठी. तिला दुकानातली नको होती, बाबाचीच हवी होती. … माहितेय गं, तिच्या हातात ती म्हणजे सळई. वाकायची नाही, पक वीतभर उचलला जायचा नाही. तिला चालतंय. … दोन कशाला म्हणजे, पहिली फुकट गेली. तिला उभी केली, हनुवटीपर्यंत माप घेतलं, कापली. मग तिनं स्केट घातले आणि स्टिक आली छातीशी. … हो. चौदा वर्षं पोटासाठी खेळलो आणि स्केटची उंची धरायला विसरलो. सांग जा गावभर. … तिच्या धाकट्या भावाला होईल ती पुढच्या वर्षी, वाया नाही जायची.

… बरोबर आहे, क्लब देईल. त्यांच्याकडे ढीग असतो स्टिकचा. त्यावाचून काही अडत नाही. … मग विचारतेस कशाला? … कधी म्हणजे? आज. सकाळी. … पहिली नवाच्या सुमाराला.

… दुसरी?

… दुसरी साडेदहाला.

… हो. फोननंतर.

हॅलो? … ताई, आहेस ना? … आहेस.

अगं, मलाही तुला सांगता सांगताच कळतंय. गॉर्डचा फोन ठेवला. बॅग उघडली, बघितली, बंद केली. टेस दारात उभी होती स्केट घालून, म्हणाली, आता नीट माप. नीट मापली आणि कापली. हात जरासुद्धा अडखळला नाही. मग आत येऊन चार तास विचार करत बसलोय, जाऊ की नको, जाऊ की नको. गाढव आहे मी.

… नाही, रेनीला सांगायची भीती नव्हती. गॉर्डचीही नाही. तुझी होती. … का म्हणजे? सतरा वर्षांची होतीस तू. आई रात्रपाळीला, बाबा कोठारावर, आणि पहाटे पाचला तू मला उठवून, गरम दूध पाजून न्यायचीस. त्या खटाऱ्याचा हीटर फक्त माझ्या बाजूला चालायचा. मी आत बर्फावर, आणि तू बाहेर गाडीत हातमोजे घालून गणितं सोडवत बसलेली. दीड दीड तास. आतलं कॅन्टीन बंद, बसायला जागा नाही. … तू कधी बोलली नाहीस, तेच तर. एवढं सगळं करून हा शेवटी वॉशर विकतोय, असं तुला वाटलं असतं तर मला …

… काय? … परत बोल.

… आवडायचं तुला? … माझी बडबड? गाडीतली? … शाळेत कोणी बोलायचं नाही तुझ्याशी? अख्खं वर्ष? … हे कधी सांगितलं नाहीस तू. … नऊ वर्षांचा असलो म्हणून काय झालं, सांगायचं होतंस. मी आणखी बोललो असतो. … बरं. बरं, नाही काढत तो विषय.

… उद्या? उद्या सव्वासहाला सराव आहे तिचा. मीच नेणार. … तू कशाला येतेस? तिकडून पन्नास किलोमीटर, ह्या अंधारात? … मग ये. साडेपाचला निघतो आम्ही, उशीर केलास तर थांबणार नाही. पुढे बस, टेस मागे. ती तोंड मिटत नाही, आधीच सांगून ठेवतो. … माझ्यावर गेलीय, हो. आणि तुझ्या त्या बटाटा भरलेल्या पेरोगी असतील तर आण. तू दिलेल्यातल्या शेवटच्या बारा आत्ता पाण्यात टाकल्यात.

… थांब, दुसरा फोन येतोय. … गॉर्डच. तीन वाजायचेत अजून, ह्याला धीर म्हणून नाही. … काय सांगणार? स्टिक संपल्या म्हणून सांगतो. … नाही गं, नीट सांगतो. चांगला माणूस आहे तो.

… हो, ठेव तू. … ताई, ऐक. उद्या तिथे पोचलो की आत येऊन बस. कॅन्टीन सकाळचं उघडं असतं आता, कॉफी मिळते. … नाही, या वेळी गाडीत नाही बसायचं.

… हं. ठेवतो.