पाटीतली जवारी

जिभेची ताकद काय असते, ते मी निघोज्यात पाहिलं, राव. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, मी तिथे नवा मास्तर. शाळेतल्या पोरांना दुपारचं जेवण मिळावं म्हणून घरटी दोन भाकरी मागितल्या आणि सगळ्या एकाच पाटीत टाकल्या.

तिसऱ्या दिवशी पाटील शाळेच्या दारात उभे. "मास्तर, यात वेशीबाहेरच्या भाकरी कुठल्या? आमची पोरं त्या खाणार न्हाईत."

सगळ्या जवारीच्याच, मी काय ओळखणार? त्यांनी रखमाआत्याला बोलावलं. कुणाच्या रानातली जवारी, हे म्हातारी एका घासात सांगायची, आणि गावात तिचा शब्द शेवटचा. ती एकेका भाकरीचा तुकडा मोडून डोळे मिटून चावत राहिली. मला वाटलं, जेवण आजपासून बंद.

"समदी माझ्याच रानातली हाय," आत्या म्हणाली.

"अख्खी पाटी?"

"व्हय. वाढा पोरांना."

पाटील गुमान निघून गेले. मी मात्र चाट पडलो, म्हातारीची जीभ गेली की काय. तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली.

"मास्तर, वेशीभाईरच्या शेवटच्या घरची जवारी लई गोड हाय. मला बियाण्याला पायलीभर मागून ठेवा."