बॉयलरवरची चड्डी

माझ्या चड्डीनं कंपनीचा कर परत मिळवून दिला म्हटलं तर हसाल, पण ऐका. महाडच्या एका कारखान्यात मी बॉयलरवर कामाला होतो. नवा बॉयलर घेताना भरलेला व्हॅट परत मिळावा म्हणून कंपनीनं अर्ज केला, तेव्हा विक्रीकर खात्याचे साहेब भर पावसात बॉयलर बघायला आले.

"वापरात आहे कशावरून? आजच पेटवला असेल, मला दाखवायला," साहेब म्हणाले. मॅनेजरचं तोंड उतरलं.

तेवढ्यात साहेबांना गरम पाइपावर माझी चड्डी दिसली. मॅनेजर माझ्यावर उखडला, "तात्या, उद्यापासून घरी बसा."

साहेबांनी चड्डी उचलली. "हे करपलेले पट्टे कसले?"

"रोज एक पडतो साहेब. आमच्या कापडे गावात पावसाचं काय वाळत नाय. जूनपासून हितंच घालतो."

साहेबांनी पट्टे मोजले आणि तिथंच अर्जावर सही केली. मग बुटातले ओले मोजे काढून म्हणाले, "तात्या, हे कुठं घालू?"

मॅनेजरनंच ते पाइपावर पसरले, 'येथे कपडे वाळत घालू नयेत' या पाटीखाली. मला वाचता येत नाय, पाटी नंतर कुणीतरी वाचून दाखवली; पण त्या दोघांना येत होतं.